सरांनी लॅबमध्ये पायथन बंद केलंय

पत्र (ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात):

"मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये सगळ्यांत मिळून चार कॉम्प्युटर. एक जुन्या उपकरणाला जोडलेला, त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे. बाकीच्यांवर मॅटलॅब हे आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर आहे, पण लायसन्समुळे एका वेळी दोघांनाच वापरता येतं. डेटाचं विश्लेषण करणारे प्रोग्रॅम कधीतरी पास होऊन गेलेल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेत. आत काय आहे हे कुणालाच नीट माहीत नाही, पण ते चालतात. मी घरी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो आणि माझं काम त्यात करायला लागलो. दोन महिन्यांपूर्वी मला हवी होती म्हणून सगळ्यांच्या वापरातल्या एका कॉम्प्युटरवर नमपायची (पायथनमध्ये आकडेमोड करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच) नवी व्हर्जन टाकली. त्याच मशीनवर आमच्या सीनियर ताईंची रीडिंग घेणारी स्क्रिप्ट चालायची, तीही पायथनमध्येच. त्या रात्री सहा तास रीडिंग घेऊन झाल्यावर फाइल सेव्ह करताना ती बंद पडली आणि सगळा डेटा गेला. नंतर पाहिलं तर चूक त्यांच्या स्क्रिप्टमध्येच होती. 'एनपी डॉट फ्लोट' हे नमपायमधलं केव्हाच बाद झालेलं नाव त्यांनी वापरलं होतं. तरी बोलणी मलाच बसली. आता सरांनी सांगून टाकलंय, लॅबच्या कॉम्प्युटरवर पायथन नको, जे चालतंय ते चालू द्या. ताईही पुन्हा एकेक रीडिंग हाताने घेतात आणि माझ्याशी मोजकंच बोलतात. पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालणारं पायथन मिळतं. सरांना पटेपर्यंत ते गुपचूप वापरू का? आणि सरांना पटवू कसं?"

उत्तर:

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. "चूक त्यांच्या स्क्रिप्टमध्येच होती." पायथनचं नंतर बघू, आधी या वाक्याचं बघू.

नियमाने पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. नमपायने ते नाव १.२० या व्हर्जनमध्ये, म्हणजे जानेवारी २०२१ मध्ये बाद ठरवलं. तेव्हापासून ते वापरलं की इशारा दिसायचा. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.२४ मध्ये ते काढूनच टाकलं. जवळजवळ दोन वर्षं इशारा दिला होता. पण तो इशारा दिसतो कुठे? काळ्या खिडकीत, आकड्यांच्या रांगांमधून सरकून जाणारी एक ओळ म्हणून, रात्री, समोर कुणी बसलेलं नसताना. ताईंच्या दृष्टीने स्क्रिप्ट काल चालत होती, आज चालली नाही, आणि मधल्या काळात मशीनवर एकच गोष्ट बदलली होती. ती तुम्ही बदललीत आणि कुणाला सांगितली नाहीत.

लॅबमधल्या सगळ्यांच्या वजनकाट्याचं कॅलिब्रेशन कुणी एका संध्याकाळी स्वतःच्या सोयीने केलं आणि लॉगबुकात नोंद केली नाही, तर तुम्ही काय म्हणाल? कॅलिब्रेशन अचूक असलं तरी आदल्या आणि नंतरच्या रीडिंगांचा मेळ बसणार नाही, आणि का बसत नाही हे शोधण्यात कुणाचा तरी आठवडा जाईल. ज्या कॉम्प्युटरवर रीडिंग घेतली जातात तो उपकरणाचाच भाग असतो. त्यावर काय टाकलंय, कुठल्या व्हर्जनचं, हेही त्याचं कॅलिब्रेशनच. तुमच्या लॅबमध्ये बहुधा हे कुणी कुणाला शिकवलेलं नाही, त्यामुळे सगळा दोष तुमच्या माथी मारणार नाही. पण सरांकडे जायच्या आधी एवढं मनाशी कबूल करून जा.

आता सहा तासांबद्दल, कारण तिथे पायथनचा एक स्वभाव दिसतो आणि तो आपण पायथनवाले (मी त्यांतलीच) इतरांना सांगायचं विसरतो. पायथन स्क्रिप्ट सुरू करताना फक्त व्याकरण तपासतं. एखादं नाव लायब्ररीत खरंच आहे का, हे ती ओळ चालायची वेळ येईल तेव्हाच बघतं. ताईंच्या स्क्रिप्टमधली ती ओळ सेव्ह करण्याच्या भागात, अगदी शेवटी होती. त्यामुळे सहा तास सगळं सुरळीत चाललं आणि शेवटच्या पायरीवर पाय घसरला. यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला, रात्रभराचं काम लावायच्या आधी तीनच रीडिंगांची एक फेरी, फाइल सेव्ह होऊन पुन्हा उघडेपर्यंत, पुरी करून बघायची. दुसरा, डेटा मेमरीत साठवत बसायचं नाही. एक रीडिंग आलं की एक ओळ फाइलमध्ये लिहायची आणि ती लगेच डिस्कवर ढकलायची. मग वीज गेली किंवा विंडोजने अपडेटसाठी मशीन रीस्टार्ट केलं, तरी तोवरचं हाती राहतं. हा दुसरा धडा मी स्वतः एक अख्खी रात्र घालवून शिकले आहे. सकाळी लॅबमध्ये आले तेव्हा पडद्यावर लॉगिनची स्वच्छ निळी खिडकी होती आणि फोल्डर रिकामं.

तुम्ही हा वाद पायथन विरुद्ध मॅटलॅब असा मांडलाय. सरांच्या डोक्यात तो वाद असेल असं मला वाटत नाही. विद्यार्थी चार-पाच वर्षांनी जातो, त्याचा कोड मागे उरतो आणि दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळत नाही, हे त्यांनी अनेकदा पाहिलं असणार. "जे चालतंय ते चालू द्या" या वाक्यात आळस कमी आणि हा अनुभव जास्त आहे. गंमत अशी, की तुम्ही वर्णन केलेले मॅटलॅबचे प्रोग्रॅम नेमके त्याच जातीचे आहेत. मालक निघून गेला, आत काय आहे ठाऊक नाही, पण चालतात. म्हणजे सरांची भीती खरी आहे, आणि ती जशी तुमच्या कोडला लागू आहे तशी आत्ता वापरात असलेल्या कोडलाही. हे त्यांना टोमणा म्हणून ऐकवू नका. तुम्हाला पुढे काम करायचं आहे ते याच जागी.

लायसन्सच्या रांगेबद्दल तुम्ही दोन ओळीच लिहिल्यात, पण तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. पायथनमध्ये आलेख काढायला आज सगळे मॅटप्लॉटलिब वापरतात, ते अशाच रांगेतून आलं. जॉन हंटर हे मज्जासंस्थेवर काम करणारे संशोधक. ते आणि त्यांचे सहकारी अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत संकेत तपासत होते. त्यासाठीच्या सॉफ्टवेअरचं लॅबकडे एकच लायसन्स होतं आणि ते चालवायला मशीनला लावायची किल्लीवजा डाँगल सगळे पाळीपाळीने वापरायचे. हंटर यांनी आधी मॅटलॅबमध्येच त्याला पर्याय उभा केला, तोही अपुरा पडायला लागल्यावर पायथनकडे वळले, आणि २००३ मध्ये मॅटप्लॉटलिब बाहेर आलं. पायथन तेव्हा नवं नव्हतं. गुइडो व्हॅन रॉसम यांनी ते १९९१ मध्येच खुलं केलं होतं. मुळात ते शास्त्रज्ञांसाठी बनवलेलं नव्हतं, सर्वसाधारण कामाची भाषा होती. आकडेमोडीची अवजारं लॅबमधल्या माणसांनी आपापल्या अडचणींतून त्याला जोडली. त्यामुळे ताकद खूप आहे, पण प्रत्येक अवजाराची सवय निराळी.

त्या सवयींचं एक उदाहरण हातात घेऊ, कारण सरांसमोर तुमची परीक्षा इथेच होणार आहे. तीन रीडिंगं घ्या, २, ४ आणि ६. सरासरी ४. मॅटलॅबला प्रमाण विचलन विचारलं तर उत्तर येतं २. नमपायला तेच विचारलं तर येतं १.६३. दोघांपैकी चूक कुणीच नाही. वर्गमूळ काढण्याआधी मॅटलॅब सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांच्या बेरजेला एकने कमी संख्येने, म्हणजे दोनने भागतं. नमपाय, वेगळं काही सांगितलं नाही तर, तीनने भागतं. पायथनमधलीच पांडाज लायब्ररी पुन्हा मॅटलॅबसारखी दोनने भागते. रीडिंगं हजारोंनी असतील तर हा फरक दिसतही नाही, पण प्रत्येक नमुन्याची तीनच रीडिंगं घेऊन एरर बार, म्हणजे आकड्यांचा पसारा दाखवणाऱ्या रेघा, काढत असाल (आणि बहुतेक लॅबमध्ये तेच चालतं) तर तुमचे बार जुन्या आलेखांपेक्षा आखूड निघतील. सर विचारतील, "इतकी सुधारणा कशी झाली?" आणि तेव्हा उत्तर तयार नसेल तर पायथनवरची बंदी कायमची झाली समजा. नमपायमध्ये 'डीडॉफ' ही सेटिंग एकला ठेवा, प्रश्न मिटतो. तसंच २.५ पूर्णांकात आणायला सांगितलं तर मॅटलॅब ३ देतं, पायथन २ देतं, कारण ते अर्ध्यावरच्या संख्या जवळच्या सम संख्येकडे नेतं. मॅटलॅबची मोजणी एकपासून, पायथनची शून्यापासून, हे तुम्हाला ठाऊकच असेल. नमपायमध्ये एखाद्या ॲरेचा (आकड्यांच्या यादीचा) तुकडा काढून त्यात बदल केला तर बहुधा मूळ ॲरेही बदलतो, हे मात्र मॅटलॅबवरून आलेल्यांना हमखास चकवतं.

आणि हे फक्त नवशिक्यांचं होतं असं नाही. रेणूंच्या एनएमआर (चुंबकीय क्षेत्रात रचना ओळखण्याच्या) मोजमापांचं गणित करणाऱ्या काही पायथन स्क्रिप्ट २०१४ मध्ये एका शोधनिबंधासोबत प्रसिद्ध झाल्या आणि अनेकांनी वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांच्या लक्षात आलं, की त्याच स्क्रिप्ट त्याच फाइलींवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालवल्या तर उत्तरं वेगवेगळी येतात. कारण इतकं साधं होतं, की वाचून हसू आणि घाम एकदमच येतो. फोल्डरमधल्या फाइली ज्या क्रमाने मिळतील त्याच क्रमाने त्या जोडीजोडीने घेतल्या जात होत्या, आणि तो क्रम ठरावीक असेल अशी हमी पायथन देतच नाही. यादी हातात आली की ती क्रमाने लावून घ्यायची, एका शब्दाचं काम. पण तेही डोळे मिटून नको. अक्षरांच्या क्रमाने लावलं की 'रन१०' हे 'रन२'च्या आधी येतं. फाइलींना नावं देतानाच 'रन००२', 'रन०१०' अशी द्या.

आता तुमचा पहिला प्रश्न, पेनड्राइव्ह. नको. विनपायथनसारखं इन्स्टॉल न करता चालणारं पायथन ही चांगली सोय आहे. ज्यांच्याकडे ॲडमिन अधिकार नाहीत त्यांना ती मी एरवी सुचवलीही असती. माझी हरकत गुपचूपपणाला आहे. त्यातून निघालेला आकडा उद्या प्रबंधात जाईल. तो कसा काढला हे लॉगबुकात काय लिहिणार? आणि एक्सपीच्या मशीनला तर हा बाहेरचा पेनड्राइव्ह लावूच नका. एक्सपीसाठीच्या सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्येच थांबल्या. बाहेरून आलेल्या एका व्हायरसने ते उपकरण बंद पडलं तर दुरुस्त करणारा माणूस शोधायलाच महिने जातील.

तसंही त्या मशीनवर पायथनची हौस भागणार नाही. एक्सपीवर चालणारी शेवटची पायथन व्हर्जन ३.४. आज तुम्ही वापरत असाल त्यांतली जवळजवळ एकही लायब्ररी तिच्यावर चालणार नाही. ते मशीन आहे तसं राहू द्या. त्याच्याकडून साध्या टेक्स्ट फाइली बाहेर काढायच्या आणि पुढचं सगळं दुसरीकडे करायचं. उपकरण जीपीआयबी (उपकरणं कॉम्प्युटरला जोडायची एक जुनी पद्धत) किंवा सिरियल केबलवर साध्या मजकुरातल्या आज्ञा ऐकणारं असेल तर पुढेमागे तीच केबल नव्या मशीनला लावून पायव्हिसा या पायथन लायब्ररीने त्याच्याशी बोलता येईल. "तू कोण?" असं विचारलं आणि त्याने स्वतःचं मॉडेल नंबरासकट नाव सांगितलं, की निम्मं काम झालं. पण उपकरणाचं स्वतःचं कार्ड मशीनच्या पोटात बसवलेलं असेल तर त्या वाटेला जाऊ नका. निदान प्रबंध पुरा होईपर्यंत तरी नको.

सरांना कसं पटवायचं, तर मला विचाराल तर पटवायलाच जाऊ नका. परवानगी मागा, तीही लहानशी. लॅबचं कुठलंही मशीन नको, रीडिंग घेण्याला हात लावणार नाही, फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर, मूळ डेटाच्या प्रतीवर, एका मोजमापाचं विश्लेषण पायथनमध्ये करून बघतो, आणि मॅटलॅबचं उत्तर शेजारी ठेवतो. एवढंच. एखाद्या जुन्या, छापून आलेल्या निकालाचा डेटा घ्या, म्हणजे बरोबर उत्तर काय ते आधीच ठरलेलं असेल. दोन्हीकडचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. जिथे जुळत नाहीत तिथे का जुळत नाहीत हे शोधा आणि लिहून काढा. या खटाटोपात तुम्हाला त्या गेलेल्या विद्यार्थ्याचा मॅटलॅब कोड ओळीओळीने वाचावा लागेल. तो वाचलेला लॅबमधला एकमेव माणूस तुम्ही व्हाल. माझा अंदाज आहे, की सरांना पायथनपेक्षा याचंच जास्त कौतुक वाटेल. क्वचित असंही निघतं, की चूक जुन्या कोडमध्येच होती. तसं निघालं तर ते भर मीटिंगमध्ये जाहीर करू नका, आधी केबिनमध्ये जाऊन सांगा.

मधला एक रस्ताही आहे. अडचण फक्त लायसन्सच्या रांगेची असेल तर जीएनयू ऑक्टेव्ह बघा. ते फुकट आहे आणि मॅटलॅबचे बरेचसे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालवतं. जुन्या कोडमध्ये मॅटलॅबचे खास टूलबॉक्स (जोडसंच) वापरले असतील तर मात्र अडेल. तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही, कारण तुमचं मन पायथनवर बसलंय, पण लॅबमधल्या बाकीच्यांसाठी हा रस्ता कमी चढणीचा आहे.

परवानगी मिळून पुढे कधी लॅबच्या मशीनवर पायथन आलंच, तर एक नियम सरांनी घालायच्या आधी तुम्हीच सुचवा. सगळ्यांच्या पायथनमध्ये कुणीही काहीही टाकायचं नाही. ज्याचं काम त्याचं वेगळं एन्व्हायरन्मेंट, म्हणजे लायब्ररींचा स्वतंत्र संच, आपल्या फोल्डरमध्ये. 'वेनव्ह' ही सोय पायथनमध्येच आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. कुठल्या लायब्ररीची कुठली व्हर्जन, याची यादी 'पिप फ्रीझ' या आज्ञेने काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवायची आणि रीडिंगांसोबत तिची नोंद करायची. त्या रात्री एवढं असतं तर तुमचं नवं नमपाय आणि ताईंचं जुनं नमपाय एकाच मशीनवर सुखाने नांदलं असतं. कोड गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय) ठेवा, आणि सोबत एक पानभर साध्या मराठीत लिहून ठेवा: हा प्रोग्रॅम काय करतो, कुठून सुरू करायचा, अडला तर आधी काय बघायचं. ते पान एखाद्या ज्युनियरच्या हातात द्या आणि स्वतः खोलीबाहेर जा. त्याला जमलं तर पान पुरेसं आहे.

अशाच अडचणींची आणखी पत्रं येतात म्हणून त्या वाचकांसाठी भराभर दोन-चार गोष्टी. लॅबच्या मशीनला इंटरनेट नसेल तर इंटरनेट असलेल्या, तीच विंडोज आणि तीच पायथन व्हर्जन असलेल्या मशीनवर 'पिप डाउनलोड'ने लायब्ररींच्या फाइली उतरवून घ्या आणि त्या रीतसर, विचारून, इकडे आणा. कंपनीने उपकरणासोबत दिलेली डीएलएल (प्रोग्रॅमला उपकरणाशी बोलायला लागणारी फाइल) ३२ बिटची असेल तर ती ६४ बिटच्या पायथनमध्ये थेट उघडत नाही. आठवडाभर कोडमध्ये चूक शोधत बसण्याआधी हे तपासा. दर काही मिलिसेकंदांनी रीडिंग हवं असेल तर पायथनच्या 'स्लीप' या थांबण्याच्या आज्ञेवर विसंबू नका. विंडोजवर पायथन ३.११ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये एक मिलिसेकंद थांबायला सांगितलं तर ते पंधरा-सोळा मिलिसेकंद थांबायचं. इतकी बारीक वेळ उपकरणालाच सांभाळू द्या आणि त्याच्याकडून रीडिंगांचा गठ्ठा एकदम घ्या. ॲनाकोंडा (लायब्ररींसकट मिळणारं पायथन) वापरणाऱ्यांनी त्याच्या अटी एकदा वाचाव्यात. २०२० पासून दोनशेहून जास्त माणसांच्या संस्थांसाठी त्या बदलल्या आहेत, आणि शिक्षणसंस्थांचे नियम वेगळे आहेत. ती कटकटच नको असेल तर त्याऐवजी मिनीफोर्ज आहे.

राहता राहिल्या सीनियर ताई. सरांच्या आधी त्यांच्याकडे जा. बंदीमुळे तुमची गैरसोय झाली, पण त्यांचं तर चालू काम रखडलंय, आणि प्रबंध आधी त्यांचा आहे. "चूक तुमच्या स्क्रिप्टमध्ये होती" हे वाक्य घरी ठेवून जा. गेलेली रीडिंगं पुन्हा घ्यायला रात्री थांबतो म्हणा, आणि खरंच थांबा. मग त्यांची हरकत नसेल तर ती स्क्रिप्ट दोघं मिळून त्यांच्या लॅपटॉपवर उघडा. दुरुस्ती फार नाही. 'एनपी डॉट फ्लोट'मधलं सुरुवातीचं 'एनपी डॉट' खोडायचं, 'फ्लोट' तेवढं ठेवायचं, आणि रीडिंग आलं की लगेच फाइलमध्ये लिहिणारी ओळ वर लूपमध्ये (रीडिंग घेणाऱ्या, पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात) आणायची. कीबोर्ड त्यांच्याकडेच राहू द्या.